पर्यावरणाचा तास कुणी घ्यायचा?

अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून खाली बसायचं असतं. ते आज माझ्याकडून होणार नाही.

शाळांत पर्यावरण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितलं. तेव्हापासून पोरं प्रकल्पाच्या वह्या भरतायत. चित्र चिकटवायचं ते ॲमेझॉनच्या जंगलाचं! खटाव तालुक्यात उगवून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी आमची येरळा त्या वहीत सापडत नाही.

आणि खरी शाळा भरली होती ती याच येरळेच्या पात्रात. 1982च्या संपात मुंबईच्या गिरण्यांची धुराडी थंडावली, खानापूर तालुक्यातले कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडताना त्यांनी विचारलं, या खडीने दुष्काळ हटणार कसा? त्यातूनच मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. ठेकेदार वाळू उपसत होते, काठच्या विहिरी तळ गाठत होत्या. वाळू गेली की पाणी जातं, हे सांगायला कुणी तज्ज्ञ आला नव्हता. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरवलं, थोडी वाळू आपणच विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं. चळवळीतले डॉ. भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट सोबत होते, अभियंते के. आर. दाते मदतीला आले. सरकारशी भांडून बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. आणि पाण्यात भूमिहीनालाही वाटा! ज्याला जमीन नाही त्याला पाणी कशाला, असं मनात म्हणणारे समोरच्या रांगेतही असतील. असोत.

आता कोयना-चांदोलीकडे बघा. तिथे 2010 साली व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ हवाच, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण त्या डोंगरात पिढ्यानपिढ्या म्हशी राखणारा गवळी धनगर एका रात्रीत घुसखोर कसा झाला? अनुसूचित जमातीत नसाल तर तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करा, असं 2006चा वनहक्क कायदा म्हणतो. जुनी विहीर, दफनाची जागा, देवस्थान हेही पुरावे नियमांत बसतात. कचेरीत मात्र पहिला प्रश्न कागदाचा. देवराईला सातबारा मागणारं हे शहाणपण!

आपण साहित्यिक तरी वेगळे आहोत का? माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955ची. त्यातला तरणा मास्तर धनगरांना शिकवायला जातो आणि स्वतःच शिकत राहतो. आपण त्या पुस्तकाचे सोहळे केले. धनगराला मात्र एकदाही व्यासपीठावर बसवलं नाही.

म्हणून ठराव मांडतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पर्यावरणाचे काही तास तरी धरणावर, देवराईत, धनगरवाड्यावर भरावेत. शिकवील तो तिथलाच जाणता, आणि त्याला पाहुण्या वक्त्याइतकंच मानधन, रोख. ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावेत. मी नावं लिहून घेणार आहे.