एकच काम, दोन पगार



महोत्सवाच्या दिवशी हिशेबाची गोष्ट काढतो, क्षमा असावी. मास्तरकीची खोड जात नाही.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा नावाच्या बाई लघुलेखिका होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुषांस पगार अधिक होता. १९७७ साली बाईंची नोकरी गेली, तेव्हा १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घेऊन त्यांनी फरकाची रक्कम मागितली. कंपनी म्हणाली, युनियनशी तसा करारच झाला आहे. शिवाय आम्हांस परवडत नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या दोन्ही सबबी फेटाळल्या. दहा वर्षे गेली!

मी बी.एड. होऊन एका खासगी शाळेत लागलो, तेव्हा शेजारच्या वर्गावरील बाईंची पदवी माझीच, तासही तितकेच. वह्या मात्र त्या माझ्याहून नीट तपासत. तरी पगार माझ्याहून कमी. "त्यांचे यजमान मिळवते आहेत," असे चालक म्हणाले. माझेही थोरले बंधू मिळवते होते, पण ते मला कोणी विचारले नाही. आणि मी गप्प बसलो. बाईंना तोंड दाखविताना पुढे कायम संकोच वाटे.

आपल्या रात्रवर्गास एक मास्तर व एक बाई शिकवितात. त्यांच्या मानधनाचे आकडे अहवालात निरनिराळ्या पानांवर आहेत. पुढील वर्षी ते एकाखाली एक छापावेत, एवढीच विश्वस्तांस विनंती.