सरकारी दप्तर आणि सामान्यांचे घर



अंगारकीला टिटवाळ्याच्या श्रीमहागणपतीपुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या कित्येकांचे मागणे एकच असते : हक्काचे घर. मुंबई-ठाण्यात ते परवडत नाही म्हणून नोकरदार माणूस कल्याणच्या पुढे सरकतो आणि आयुष्याची पुंजी ओततो. त्याच्या हाती पडतो तो बांधकाम परवानगीचा कागद. त्याची स्थळप्रत सरकारी दप्तरात आहे की नाही, हे पाहणे त्याला सहसा सुचत नाही.

शेजारच्या डोंबिवलीत हे फार महागात पडले. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी करण्यात आली. २०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. परवानगीचा कागद मूळ दप्तराशी नोंदणीपूर्वीच ताडला गेला असता, तर तो पहिल्याच टेबलावर अडला असता.

कायदा नाही, असे मुळीच नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने नियमबाह्य रीतीने अभिलेख नष्ट करणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद केली. वर्गवारी तर त्याहून जुनी. ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष. मुदत सरल्यावर निंदणीकरण, तेही रीतसर नोंद करूनच. एवढी शिस्त कागदावर असताना ‘फाइल सापडत नाही’ हे उत्तर खिडकीवर मिळावे, हे नवलच! एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती केवळ सापडत नाही म्हणून नाकारता येणार नाही; कसून शोध घ्यावा आणि जबाबदारी निश्चित करावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावले आहे.

पुण्याचे पेशवे दप्तर रुमालांत बांधलेले टिकले, म्हणूनच गो. स. सरदेसाई १९३० पासून त्यातून ४५ खंड सिद्ध करू शकले. दप्तर जपण्याची रीत या मातीला परकी नाही.

टिटवाळ्यात घर घेऊ पाहणाऱ्याने परवानगीचा क्रमांक देऊन महापालिकेच्या नगररचना विभागाकडे प्रमाणित प्रत मागावी. माहिती अधिकाराच्या अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सापडत नाही’ असे उत्तर आलेच, तर ते लेखी घ्यावे, आणि अभिलेख अधिकारी कोण, हे त्याच अर्जाखाली विचारावे.