शंभर यार्ड कोठून मोजायचे?

(नागपूर येथे कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



खर्रा म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटण्याचे काम आपल्या चौकाचौकांत दिवसभर चालू असते. ठेल्यावर उभे राहताना मुलाला निदान एक भय असते, ओळखीचे कोणी पाहील याचे! मोबाईलवरून माल मागविताना तेही उरत नाही.

२००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई केली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुकान होते. आता हे शंभर यार्ड कोठून मोजायचे? गोदामापासून, की मुलाच्या हातातील मोबाईलपासून? ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या चौकोनावर टिचकी मारली की वयाची पडताळणी संपते!

शिक्षेची वानवा नाही. २००३ च्या कायद्यात दंड जेमतेम दोनशे रुपयांपर्यंत होता. परंतु २०१५ च्या बालन्याय कायद्याने बालकास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगितली. प्रश्न आहे तो गुन्हेगार कोणाला मानायचे हा. विक्रेत्याला, मंचाला, की पुडके पोहोचविणाऱ्या गरीब पोराला?

शासनाने मनावर घेतले तर हे स्पष्ट लिहिता येते. २०१९ च्या ई-सिगारेटबंदी कायद्यात ऑनलाईन विक्री आणि जाहिरात यांचा नामनिर्देश आहे. तंबाखूच्या बाबतीतही तसाच निःसंदिग्ध नियम हवा. माल हाती देताना वयाचा पुरावा पाहिला जावा आणि त्याचे उत्तरदायित्व मंचावर असावे.

तथापि केवळ बंदीने भागत नाही, हा महाराष्ट्राचा अनुभव आहे. २००२ ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली, तेव्हा पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकण्याची पळवाट निघाली. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूसेवन करणारे आढळले.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने शासन आणि गावकरी यांना एकत्र आणले. तोच मार्ग शहरालाही घ्यावा लागेल. कायदा शाळेच्या फाटकापर्यंत पहारा देईल. पण घरी आलेले पुडके कोणाचे, हे आईवडिलांनीच विचारायचे आहे. आणि वडिलांच्याच खिशात खर्रा असेल, तर हा प्रश्न त्यांनी कोणत्या तोंडाने विचारावा?