चाकांवरची ओसरी



व्याख्यानाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, आज कोकणातल्या जुन्या घरांविषयी काही ऐकायला मिळणार. विषय थोडा निराळा आहे. जी साधी चारचाकी सोमवारी आपल्याला कचेरीत पोहोचवते आणि रविवारी बाजारात नेते, तिच्यातच निजण्याची सोय कशी करावी, हा आजचा विषय. परदेशांत अशा गाडीला कॅम्पर म्हणतात, आणि गाडी आपल्यासारखी लहान असेल तर मायक्रो कॅम्पर. आम्ही यंत्रज्ञ नव्हे आणि सुतारही नव्हे. या खटाटोपात आम्ही पडलो ते केवळ आईमुळे.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, घरातल्या घरात ती काठी टेकत हिंडू लागली. परंतु तास-दीड तासापेक्षा अधिक बसणे तिला सोसत नाही. मग अर्धा तास आडवे व्हावेच लागते. तिचे माहेर गुहागरजवळच्या एका खेड्यात. इथून ते सव्वादोनशे किलोमीटरांहून थोडे अधिकच. सात वर्षांत तिने शिमगा पाहिला नव्हता. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. देवी आपल्या दारी यावी आणि आपण तिथे नसावे, ही रुखरुख काय असते, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आगगाडीत निजता येते हे खरे. पण पूल चढायचा कसा, आणि शिमग्याच्या गर्दीत खालचा बाक मिळवायचा कसा? एका नातलगांनी रुग्णवाहिका सुचवली. त्यावर आई म्हणाली, "माहेरच्या अंगणात मी रुग्णवाहिकेतून उतरू? माझ्या नावाने रडायलाच गाव गोळा होईल!" तेव्हा उरली ती दारातली गाडी.

आता, प्रवासाच्या वाहनात निजणे ही काही साहेबाने आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे. बांबूच्या कमानींवर ताडपत्री ताणलेली, खाली गवत आणि त्यावर गोधडी पसरलेली सारवट गाडी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिली होती. आषाढी वारीत दिंड्यांबरोबर चालणारे मालट्रक आजही कितीएक वारकऱ्यांचे स्वयंपाकघर आणि निजघर असतात. आणि प्रवासाची परंपरा म्हणाल, तर ती आपल्या शेजारचीच. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापला गेला, आणि मराठी प्रवासवर्णनात त्याला मानाचे पान मिळाले.

बाहेरच्या देशांतले दोन दाखले मात्र उपयोगाचे आहेत. जर्मनीत 1951 च्या सुमारास वेस्टफालिया या कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाडीसाठी एक लाकडी पेटी काढली. आठवडाभर गाडीने मालाची ने-आण करावी, सुटीच्या दिवशी पेटी आत ठेवावी की झाली झोपायची सोय. सोमवारी पेटी पुन्हा बाहेर. दुसरा दाखला जपानचा. तिथल्या लहानखुऱ्या गाड्यांत रात्र काढणे इतके रुळले आहे की, त्याला 'शाचुहाकु', म्हणजे गाडीतला मुक्काम, असा शब्दच आहे. आपल्याकडे 1984 पासून 2019 पर्यंत बनलेली मारुतीची ओम्नी व्हॅन त्याच जपानी घराण्यातली. तात्पर्य, गाडी लहान म्हणून हे जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही.

आमचा पहिला प्रयत्न साफ फसला, आणि तो सांगणेच अधिक उपयोगाचे आहे. चित्रे पाहून आम्ही हुरळलो. फळ्यांचा उंच पलंग, त्याखाली खण, एका खणात शेगडी, एकात भांडी, पाण्याच्या दोन टाक्या, बाजूला घडीचे मेज. सुताराने नुसती मान हलवली. पण पैसे आमचे होते. सामान भरून गाडी गल्लीबाहेर काढली, तर पहिल्याच गतिरोधकावर पोट घासले. आईला आत बसवले, तर पलंगाच्या उंचीमुळे तिचे डोके छताला लागले. ती शांतपणे म्हणाली, "अरे, घर तर मी मागेच ठेवून आले. इथे नुसती ओसरी दे."

या एका वाक्याने आमचे डोके ताळ्यावर आले. ओसरीवर काय असते? बसायला-निजायला जागा, वारा, आणि पाण्याचा तांब्या. स्वयंपाक घरात होतो, ओसरीवर नव्हे. आम्ही सारे खण काढून टाकले आणि नव्याने मापे घेतली. या खेपेस गाडीची नव्हे, आधी आईची. उंची पाच फूट. बसल्यावर डोक्यापर्यंत अडीच फूट. आणि खुब्याला त्रास न होता पाय आत घेता येईल अशी बैठकीची उंची. नंतर गाडी मोजली. मागच्या बाकाची पाठ पाडून आणि पुढच्या दोन्ही खुर्च्या पुढे सारून आमच्या गाडीत साडेपाच फूट लांबी मिळाली. आईला पुरून उरली. आम्हाला ती आखूड, पण आम्हाला कुठे खुब्याचे दुखणे होते!

रचना सांगतो. बारा मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायवूडच्या दोन फळ्या, मध्ये लांब पट्टीची बिजागरी. घडी केली की त्या डिकीत आडव्या मावतात. मुक्कामाला बाक पाडायचा, फळ्या उलगडायच्या. पाडलेली पाठ आणि पुढची खुर्ची यांच्यामधला खड्डा झाकला जातो. तिथे फळीखाली दोन घडीचे पाय द्यावे लागतात, नाहीतर ऐन मध्यावर ती लवते. फळीच्या कडा घासून गोल करा आणि वर कापड ठोका. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते. त्यावर तीन इंचांची कापसाची गादी, तीन तुकड्यांत शिवलेली. चढायला घरातला लाकडी पाट, खाली रबर लावलेला. सारा खर्च सहा हजारांच्या आत आला. पहिल्या दिवशी अंथरूण घालायला पाव तास लागला. सरावाने चार मिनिटांवर आलो.

गाडीला आम्ही एकही भोक पाडले नाही, एकही खुर्ची कायमची काढली नाही. यामागे कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या 52 व्या कलमाप्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच बाजू उचलून धरली. सामान आत ठेवणे आणि बाहेर काढणे निराळे, गाडी कापणे निराळे. जे चार मिनिटांत निघते तेच आत न्यावे, हा आमचा नेम.

दुसरा नेम याहून महत्त्वाचा. चालती गाडी बसण्यासाठी, थांबलेली गाडी निजण्यासाठी. गाडी धावत असताना आईला मागे आडवी करावी, असा मोह आम्हालाही झाला. परंतु निजलेल्या माणसाला पट्टा नसतो, आणि करकचून ब्रेक लागला तर मोडलेला खुबा पुन्हा मोडायला क्षण पुरत नाही. म्हणून चालत्या गाडीत आई पट्टा लावून बाकावर. दर सव्वा तासाला सावली पाहून थांबायचे, चार मिनिटांत ओसरी मांडायची, अर्धा तास विश्रांती. द्रुतगती मार्गावर असे वाटेत थांबता येत नाही. गोव्याच्या रस्त्याला गावे लागतात, ही त्याची खोड म्हणा की गुण, आमच्या कामी आली.

आता रात्रीविषयी, इथे मात्र आपण कान देऊन ऐकावे. इंजिन चालू ठेवून थंड हवेत निजू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड हा वायू रंग नसलेला, वास नसलेला. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक चिकटतो. माणूस गुदमरून जागा होत नाही, झोपेतच जातो. म्हणून आत शेगडी नाही, कोळसा नाही, डासांची उदबत्तीसुद्धा नाही. एका रात्री, अंगणातल्या सरावात, आम्ही डासांच्या भीतीने सगळ्या काचा घट्ट लावल्या. पहाटे काचांवरून पाणी ओघळत होते आणि पत्नीचे डोके जड झाले होते. दोन माणसांचा श्वास आणि घाम जाणार कुठे? तेव्हापासून समोरासमोरच्या दोन काचा चार-चार बोटे उघड्या, दारांवर मच्छरदाणीचे कापड चुंबकांनी चिकटवलेले, आणि एक लहान पंखा.

पंख्याचा हिशेब सोपा आहे. पाच वॅटचा पंखा दहा तास चालला तर पन्नास वॅट-तास वीज लागते. वीस हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे चौऱ्याहत्तर वॅट-तास असतात. घट धरली तरी साठेक हाती लागतात. रात्र निघाली. गाडीच्या मुख्य बॅटरीला हात लावू नये. ती इंजिन चालू करण्यासाठी असते, आणि सकाळी तीच रुसली तर सारा डाव उधळतो.

आणखी चार गोष्टी, घाईने. डिकीचे दार बहुतेक गाड्यांत आतून उघडत नाही. म्हणून एक बाजूचे दार मोकळे ठेवावे. किल्ली रोज एकाच जागी. गाडीचे तोंड रस्त्याकडे, म्हणजे निघायचे झाले तर मागेपुढे करावे लागत नाही. माडाखाली गाडी लावू नये, याचे कारण कोकणात सांगावे लागत नाही. नदीच्या पात्रात तर नाहीच. दुपारी उन्हात बंद उभी गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी तापू शकते. म्हणून दिवसाची झोप सावलीत आणि दारे सताड उघडी टाकून.

हे झाले फळ्यांचे आणि पंख्याचे. खरी अडचण जिची कोणी चित्रे छापत नाही ती. रात्री आईने जायचे कुठे? आम्ही घडीची कमोड खुर्ची बरोबर घेतली, आणि डिकीच्या उघड्या दारावरून सोडायला जाड कापडाचा पडदा शिवून घेतला. सगळ्या सामानात ही एक वस्तू निवडायची म्हटली, तर आम्ही हाच पडदा निवडू. अंथरूण शरीरासाठी असते, पडदा मानासाठी.

गेल्या शिमग्याला निघालो. भल्या पहाटे पनवेल सोडले, कर्नाळ्याची खिंड ओलांडली, पेणच्या पुढे पहिला मुक्काम केला. कोलाड, महाड, पोलादपूर असे थांबत गेलो. लोक अडीचशे किलोमीटरांना पाच-सहा तास धरतात. आम्ही दोन दिवस घेतले. रात्री एका देवळाच्या आवारात पुजाऱ्यांची परवानगी घेऊन थांबलो. आई आणि पत्नी गाडीत, आम्ही देवळाच्या पडवीत. पहाटे आईने काच ठोठावली. आम्ही धावत गेलो, तर ती म्हणाली, "काही नाही रे. कोंबडा आरवतोय, ऐक. पनवेलात ऐकू येत नाही."

माहेरी पोहोचल्यावर भावजयीने तिला आत पलंग घातला. पण पालखी यायच्या दिवशी तिने हट्टाने गाडी अंगणाच्या कडेला लावायला सांगितली. सकाळपासून पालखीची वाट पाहत बसणे तिला शक्य नव्हते. ती उघड्या दारांत पडून राहिली. ढोल जवळ आले तसे आम्ही तिला उठवून बसवले. पाट टेकला. पालखी अंगणात नाचली, तेव्हा ती काठी टेकून आपल्या पायांवर उभी होती आणि तिने आपल्या हाताने ओटी भरली.

परततानाचा एक विचार आपल्यापुढे ठेवतो आणि पुरे करतो. गाडीतली ओसरी आम्ही सहा हजारांत केली. रस्त्याकाठची ओसरी एकट्याच्या हातची नव्हे. जपानने 1993 पासून रस्त्याकाठी विश्रांतिस्थाने उभारली. आज ती हजाराहून अधिक आहेत. तिथे गाडी लावायला आणि शौचालयाला रात्रंदिवस पैसे पडत नाहीत. महाराष्ट्र शासनानेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ती गोष्ट चांगलीच आहे. पण आईसारख्या प्रवाशाला थाटाचे उद्यान नको असते. चार झाडांची सावली, पाण्याचा नळ, आणि पायऱ्या नसलेले, कोरडे, आतून कडी लागणारे शौचालय एवढे पुरते. पनवेल हे सुटण्याचे गाव. कन्याकुमारीपर्यंत जाणारा 66 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या दारातून सुरू होतो. पूर्वी गावे वाटसरूसाठी धर्मशाळा आणि पाणपोया बांधीत. अशी एक सावलीची जागा पनवेलच्या वेशीवर झाली, तर कोकणात जाणारी कितीतरी म्हातारी माणसे आपल्याला दुवा देतील.

आज घरी गेल्यावर गाडी मोजू नका. आपल्या घरातले कोणते माणूस प्रवास झेपत नाही म्हणून मागे राहते, ते आधी पाहा आणि त्याचे माप घ्या. फळ्या कापायला सुतार मिळतो.