झोप आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नव्हे. परंतु झोप हा विषय घरोघरचा आहे. आणि घरात सर्वांत उशिरा निजणारी व सर्वांत आधी उठणारी बहुधा आपल्यातलीच असते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

पाण्याची गोष्ट खडकवासल्याच्या बायकांना समजावून सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पाठोपाठ आपलेही धरण फुटले, ते साऱ्या पुण्याला कळले. पण कालव्याच्या टोकाची एखादी चारी गाळाने बुजली, तर ती कोणाला कळते? फक्त त्या शेतकऱ्याला. आणि तेही पीक पिवळे पडल्यावर. मेंदूचेही तसेच आहे. मोठी रक्तवाहिनी तुंबली की माणूस एका अंगाने लुळा पडतो, घर धावते. बारीक वाहिन्या मात्र वर्षानुवर्षे गुपचूप जाड व कडक होत जातात. त्यांच्या पुढच्या भागाला रक्त अपुरे पडते, आणि एमआरआय केला तर तेथे पांढरे डाग दिसतात.

मग म्हातारे माणूस पाय घासत चालते, तोल जातो, हिशेबाला वेळ लागतो, लघवी आवरत नाही, स्वभाव चिडका होतो. आपण म्हणतो, "वय झाले." प्रत्येक वेळी ते नुसते वय नसते. दर चार-पाच पक्षाघातांपैकी एक या बारीक वाहिन्यांमुळेच होतो. वयाखालोखाल याचे मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. शिवाय मधुमेह आणि तंबाखू.

आता यात झोप कोठे आली? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत शेकडा १० ते २० ने उतरतो. तेवढाच वाहिन्यांना विसावा. झोप वारंवार मोडली की हा उतार नीट पडत नाही. दुसरे घोरण्याचे. काहींचा श्वास घोरता घोरता थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो. दर वेळी रक्तातला प्राणवायू घटतो आणि दाब उसळतो. हा विकार पुरुषांचाच नव्हे. पाळी गेल्यावर बायकांतही वाढतो. तिसरी गोष्ट नवी आहे. अमेरिकेत रोचेस्टर येथे नेडरगार्ड बाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली उंदरांवर दाखविले, की झोपेत मेंदूतील पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते आणि दिवसभराचा मळ धुऊन निघतो. माणसाच्या बाबतीत हे कितपत लागू पडते, याचा शोध अजून चालू आहे.

झोप बिघडल्याने वाहिन्या बिघडतात, की वाहिन्या बिघडल्याने झोप जाते? तज्ज्ञांचे मत असे, की दोन्ही घडत असावे. परंतु अमेरिकेतील हृदयरोगाच्या मोठ्या संस्थेने २०२२ साली हृदय राखण्याच्या नियमांच्या यादीत झोपेचा समावेश केला. आपल्या चरकाने तर आहाराबरोबर निद्रेलाही शरीराचा आधारखांब म्हटले आहे.

तर करावे काय? रात्री निदान सात तास झोप मिळावी. निजण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. संध्याकाळचा चहा व अंथरुणातला मोबाईल सोडावा. दिवसभरात सगळे मिळून मीठ लहान चमचाभरापेक्षा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा, कमी असावे. मिश्री बंद करावी. झोपेची गोळी मनाने घेऊ नये. म्हातारपणी तिने पडण्याची भीती असते. घोरताना श्वास अडकतो असे कोणी सांगितले तर लाजू नये, डॉक्टरांना सांगावे. आणि तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. गाठ विरघळविण्याचे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते.

पण भगिनींनो, हे नियम एकट्या बाईने पाळायचे म्हटले तर पाळले जाणार नाहीत. रात्रीची भांडी, पहाटेचे पाणी, सकाळचे डबे एकीच्याच माथी असतील, तर तिने सात तास आणावेत कोठून? ही कामे मुलगे आणि नवरे यांनी वाटून घेतली पाहिजेत, आणि ते आपणच मागितले पाहिजे. बाईचे जागरण म्हणजे तिचा मोठेपणा, हे कौतुक आता पुरे झाले.

शेवटी एक सूचना. आपल्या मासिक सभेला रक्तदाब मोजण्याची सोय करावी, आणि सासवांनाही बरोबर आणावे. कार्यकारिणीने याचा विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.