गहाणाच्या वहीतली मोलकरीण



अठराव्या शतकातल्या बायकांच्या कामाचा माग काढायचा म्हणून मी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे छापील वृत्तांत वाचायला घेतले. मोलकरणी भेटल्या, पण आरोपीच्या पिंजऱ्यात. चोरलं काय? चादर, परकर, चांदीचा चमचा. कापड तेव्हा महाग. वापरलेल्या झग्यावरही गहाणवटीच्या दुकानात पैसे मिळत.

पगार ठरायचा वर्षाचा, हातात यायचा तीन महिन्यांनी नाहीतर वर्षाअखेर, आणि कधीकधी थकायचा. मधल्या अडीनडीला ते दुकान हीच तिची बँक. पगार झाला की वस्तू सोडवून परत ठेवणार होते, हा बचाव पुन्हा पुन्हा येतो. सगळ्याच खरं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. पण मालकानं पगार थकवला तर तो गुन्हा नव्हता, ते नुसतं दिवाणी देणं!

१७१३ च्या कायद्यानं राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा जास्त किमतीची चोरी म्हणजे फाशी. पुढे १७५७ मध्ये दुकानदाराला वस्तू, रक्कम, नाव, पत्ता वहीत लिहिणं सक्तीचं झालं. जिच्यामुळे चार पैसे मिळायचे, तीच वही आता कोर्टात तिच्याविरुद्ध पुरावा.

ज्यूरीत सगळे पुरुषच. तरी फास त्यांनाही जड जात असावा, कारण मालाची किंमत ते अनेकदा बरोबर ३९ शिलिंग लावत. जीव वाचायचा. मग १७७६ पर्यंत बहुधा सात वर्षं अमेरिकेतल्या वसाहतीत हद्दपारी. थकलेल्या पगाराचं काय, हे विचारणं ज्यूरीच्या कामात बसत नव्हतं.