शोधकार्यासाठी डोक्यावरची बॅटरी : निवड आणि निगा



आज खतं-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून एका वेगळ्या अवजाराबद्दल बोलणार आहे. रात्रीची वीज आली की आपण ते कपाळाला बांधतो आणि दारं धरायला निघतो. होय, डोक्यावरची बॅटरी! दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून ती सोयीची.

पण गावात कोणी हरवलं, ओढ्याला पूर आला, दरड कोसळली, तर हीच बॅटरी घेऊन आधी धावतो तो शेजारी. सरकारी पथक यायला वेळ लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना भर पावसात, अंधारात डोंगर चढावा लागला. अशा वेळी उजेड दगा देऊन चालत नाही.

माझाच अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या मंडळातल्या एका वाडीवरचे आजोबा गुरं घेऊन डोंगरात गेले. संध्याकाळी गुरं तेवढी परत आली. रात्री आम्ही बाराजण शोधायला निघालो. माझी बॅटरी नवी, सेलही नवे. पिशवीतून काढून बटण दाबलं, तर उजेड मिणमिणता! पिशवीत बटणावर दाब बसून ती दिवसभर पेटत राहिली होती. आणखी दोघांच्या बॅटऱ्या पाण्याने बंद पडल्या. ओढ्यापासून आम्ही मागे फिरलो. आजोबा सकाळी सापडले. पाय मोडलेला, अंग गारठलेलं, पण जिवंत. आम्ही फिरलो तिथून जेमतेम शंभर पावलांवर! म्हणाले, "साहेब, तुमचे उजेड दिसत होते मला. हाका मारत होतो." आम्ही सगळे एकदम ओरडत होतो, त्यांची हाक ऐकणार कोण?

तेव्हापासून या विषयाकडे मी नीट लक्ष दिलं.

विकत घेताना काय पाहावे?

१) उजेड : उजेड 'ल्युमेन' या मापात मोजतात. पायवाटेने चालायला ५० ते १०० ल्युमेन पुरतात. लांबवर शोधायला ३०० च्या आसपास हवेत. मात्र नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नका. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा, तर चौपट ताकद लागते आणि सेल तितक्याच लवकर संपतात.

२) झोत : पसरट झोत पायाखाली पाहायला आणि जखमीला बांधाबांध करायला. अरुंद झोत पलीकडचा काठ, झाडी पाहायला. शोधकार्याला दोन्ही झोत असलेली बॅटरी घ्यावी.

३) किती तास चालते : डब्यावर लिहिलेले तास समजून घ्या. प्रचलित मापनपद्धतीत उजेड मूळच्या एक-दशांशावर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे शेवटचे तास नावापुरतेच! मध्यम उजेडावर रात्रभर टिकेल अशीच निवडा.

४) पाणी : डब्यावर 'आयपीएक्स ४' असेल तर पावसाचे शिंतोडे सोसते. 'आयपीएक्स ७' असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. पुराच्या भागात दुसरीच घ्यावी.

५) सेल : चार्जिंगची बॅटरी रोजच्या वापराला स्वस्त पडते. पण पुरात वीज आधी जाते. म्हणून चार्जिंगही होईल आणि बाजारातले साधे सेलही चालतील, अशी मिळाल्यास उत्तम.

६) बटण : ओल्या, चिखलाच्या हाताने दाबता आले पाहिजे. बटणाला कुलूप असेल तर पिशवीत आपोआप पेटत नाही. माझी चूक आपण करू नका!

७) पट्टा : हेल्मेटवर घट्ट बसतो का, डोके हलवल्यावर घसरतो का, हे दुकानातच पाहा.

वापरताना

अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका झगझगीत झोताने ती मेहनत वाया जाते. म्हणून बोलताना समोरच्याच्या तोंडावर उजेड मारू नका, झोत खाली वळवा. तांबडा दिवा असेल तर जवळच्या कामाला तो वापरा, डोळा कमी दिपतो.

धुक्यात आणि जोराच्या पावसात कपाळावरचा उजेड थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा दिसतो. अशा वेळी बॅटरी काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा.

दर थोड्या वेळाने सगळ्यांनी थांबावे. बत्त्या विझवाव्यात. एकानेच हाक मारावी आणि बाकीच्यांनी मिनिटभर नुसते ऐकावे. उजेडाने जे सापडत नाही ते कधी कधी कानाने सापडते.

विहिरीबाबत इशारा

पूर्वी जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. विझला, तर आत हवा नाही असे समजत. आपली बॅटरी हे सांगत नाही! माणूस गुदमरून पडला, तरी ती लख्ख जळत राहते. उजेड आहे म्हणजे हवा आहे, असे मुळीच समजू नका. कंदिलाचाही पूर्ण भरवसा नाही, कारण काही विषारी वायूंत ज्योत विझत नाही. गोबरगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीजवळ तर ज्योत नेऊच नका, स्फोट होतो. आत कोणी पडले असेल तर मागोमाग उडी टाकू नका. एकापाठोपाठ माणसे जातात ती अशीच. ११२ क्रमांकावर फोन करा आणि अग्निशमन दल बोलवा.

निगा

पावसाळा संपला की सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिले तर पाझरतात आणि पत्र्या गंजतात. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. फुगलेला चार्जिंगचा सेल वापरू नका. महिन्यातून एकदा बॅटरी पेटवून पाहा. जादा सेलचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सोबत ठेवा.

माझी एक विनंती आहे. मिरगाच्या आधी प्रत्येक वाडीने अशा चार-पाच बॅटऱ्या वर्गणीतून घ्याव्यात, एका ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या तपासायचे काम एका माणसाकडे द्यावे. कोयता आपण वेळेआधी पाजवून ठेवतोच ना? तसेच हे. आणि रात्री शोधायला एकट्याने जाऊ नका, जोडीने जा. निघताना कोण कुठल्या वाटेने गेले, ते गावात सांगून जा.

आजोबा आता काठी टेकत हिंडतात. भेटले की हसून विचारतात, "साहेब, बॅटरी लागते का?" मी खिशातून काढून पेटवून दाखवतो.

आपणही आजच घरातली बॅटरी पेटवून पाहा.